ताप उतरल्यानंतरचे सहा आठवडे

कोविडच्या पहिल्या काही महिन्यांत आईवडिलांना एकाच गोष्टीचा आधार वाटत होता: हा आजार मुलांना फारसा त्रास देत नाही. तो आधार खोटा नव्हता. संसर्ग झालेल्या बहुसंख्य मुलांना दोन दिवस कणकण आली, नाक वाहिले, खोकला झाला आणि ती पुन्हा खेळू लागली. कित्येकांना तर काहीच झाले नाही. पण या समजुतीत एक गोष्ट न तपासता धरलेली होती. विषाणूला जे करायचे ते तो संसर्गाच्या दिवसांतच करतो आणि ताप उतरला की आजार संपतो, असे आपण मानले. घराघरांत, दवाखान्यांत आणि सरकारी तक्त्यांतही तेच मानले गेले. माझे म्हणणे असे की ही समजूत मुलांच्या बाबतीत धोक्याची आहे आणि ती सोडण्याची किंमत आपल्याला परवडण्यासारखी आहे.

एप्रिल २०२० च्या मध्याला लंडनच्या एव्हलिना बालरुग्णालयाकडे दहा दिवसांत आठ मुले अत्यवस्थ अवस्थेत आली. ताप हटत नव्हता. अंगावर पुरळ, डोळे लाल, पोटात दुखणे, उलट्या, जुलाब, आणि रक्तदाब इतका खाली गेलेला की सलाइन देऊनही सावरेना. श्वासाचा त्रास बहुतेकांना मुळात नव्हताच. त्यांतला १४ वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच सुमारास इटलीतल्या बर्गामो शहरातल्या डॉक्टरांनी आपल्या नोंदी चाळल्या. कावासाकी आजारासारखी (ताप, पुरळ, लाल डोळे) लक्षणे असलेली १० मुले त्यांच्याकडे १८ फेब्रुवारी ते २० एप्रिल एवढ्या काळात आली होती. त्याआधीच्या पाच वर्षांत मिळून अशी मुले १९ होती. मेच्या मध्यापर्यंत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आणि जागतिक आरोग्य संघटनेने या नव्या आजाराची व्याख्या जाहीर केली. तो पुढे ‘एमआयएस-सी’ या नावाने ओळखला गेला: मुलांच्या शरीरात एकाच वेळी अनेक अवयवांना येणारी सूज, म्हणजे वैद्यकीय भाषेत बहुअवयवी दाह.

या आजाराची सगळी गोम त्याच्या वेळेत आहे. तो संसर्गानंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी उद्भवतो. तोवर विषाणू बहुधा निघून गेलेला असतो. नाकातला स्वॅब तपासला तर अहवाल अनेकदा निगेटिव्ह येतो. रक्तात प्रतिपिंडे मात्र सापडतात. आता जे नुकसान होत असते ते विषाणूमुळे कमी आणि त्याच्याशी लढायला उठलेल्या, पण वेळेवर शांत न झालेल्या प्रतिकारयंत्रणेमुळे जास्त. हृदयाचे स्नायू सुजतात, त्यांची रक्त ढकलण्याची ताकद घटते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या काही मुलांत फुगतात. आतड्यांना सूज आल्याने पोट इतके दुखते की अपेंडिक्स समजून मूल शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते. आणि या साऱ्याच्या आधी काय घडले होते? घरातल्या कुणाला तरी सर्दी-ताप येऊन गेला होता. मुलाला तेव्हा काही झालेच नसेल, तर तीन आठवड्यांपूर्वीची ती गोष्ट डॉक्टरांना सांगावी असे कुणाच्या मनात तरी का यावे?

म्हणूनच मला हा आजार प्रथम स्मरणाचा आणि नोंदीचा प्रश्न वाटतो, औषधांचा प्रश्न त्यानंतर येतो. तपासणीच्या खोलीत आजचे मूल दिसते, त्याचे मागचे पाच आठवडे दिसत नाहीत. ते कुणीतरी विचारावे लागतात आणि कुणीतरी सांगावे लागतात. बर्गामोच्या डॉक्टरांना धोका ओळखता आला तो काही अलौकिक बुद्धीमुळे नव्हे. मागच्या पाच वर्षांची मोजदाद हाताशी होती, म्हणून दोन महिन्यांतली १० मुले त्यांना खटकली. ज्या रुग्णालयात मोजदादच नसते, तिथे अशी १० मुले दहा वेगवेगळ्या निदानांखाली विखुरली जातात आणि त्यांतून कुणी काही शिकत नाही.

बालवैद्यकात याचे मोठे उदाहरण जपानमध्ये घडून गेले आहे. टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात काम करणाऱ्या तोमिसाकू कावासाकी यांनी जानेवारी १९६१ मध्ये चार वर्षांच्या एका मुलाला पाहिले. ताप, लाल डोळे, लाल ओठ, पुरळ, सुजलेले हातपाय. ओळखीच्या कुठल्याही आजारात हे सारे एकत्र बसत नव्हते. त्यांनी निदानाच्या रकान्यात एखादे सोयीचे नाव घालून फाइल बंद केली नाही. तशी मुले ते नोंदवत राहिले आणि १९६७ मध्ये ५० मुलांची माहिती त्यांनी जपानी भाषेत प्रसिद्ध केली. हा वेगळा आजार आहे हे सहकाऱ्यांना पटायला वेळ लागला. १९७० पासून जपानने या आजाराची देशव्यापी पाहणी सुरू केली, तेव्हा अचानक दगावलेली मुले नोंदीत आली आणि त्याचा हृदयाशी असलेला संबंध स्पष्ट झाला. त्यानंतर उपचार सापडला. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले, तर जिथे सुमारे पाचातल्या एका मुलाच्या हृदयाच्या धमन्या बिघडत होत्या, तिथे ते प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येते. कावासाकी जून २०२० मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. त्यांच्या नावाच्या आजाराशी साम्य असलेल्या नव्या आजारावर डॉक्टरांनी नेमका तोच उपचार उचलला, तो त्याच महिन्यांत. साठ वर्षांपूर्वी सुरू झालेली नोंद वेगळ्या खंडांतल्या, वेगळ्या आजाराच्या मुलांच्या कामी आली.

महाराष्ट्राला एमआयएस-सी ऐकीव नव्हता. मुंबईतल्या चार मोठ्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांनी २०२० च्या उन्हाळा-पावसाळ्यात आलेल्या २३ मुलांचा अभ्यास त्याच वर्षी ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतली सुमारे दोन तृतीयांश मुले रक्तदाब कोसळलेल्या अवस्थेत पोहोचली होती. तरीही एक सोडता सर्व वाचली. या दोन वाक्यांत आपली बलस्थाने आणि आपली उणीव दोन्ही आहेत. रुग्णालयात पोहोचलेले मूल वाचवण्याचे कौशल्य आपल्याकडे आहे. मूल तिथे पोहोचते मात्र उशिरा.

उशीर का होतो हे समजायला मुंबई महापालिकेची २०२१ ची पाहणी पुरेशी आहे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत तपासलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांपैकी ५१ टक्क्यांहून अधिक मुलांच्या रक्तात कोविडची प्रतिपिंडे सापडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या त्याच वर्षीच्या जून-जुलैतल्या देशव्यापी पाहणीत ६ ते ९ वयोगटात हा आकडा ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटात ६१.६ टक्के निघाला. याचा सरळ अर्थ असा की निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता आणि त्यांतल्या फार थोड्यांच्या घरी ते ठाऊक होते. अशा वेळी ‘मुलाला कोविड झाला होता का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘गेल्या दीड महिन्यात घरात, शेजारी, वर्गात कुणी आजारी होते का?’ असा विचारावा लागतो.

त्याच वर्षी आपण एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलो. २०२० मध्ये मुलांना काही होत नाही म्हणून निश्चिंत होतो. २०२१ च्या उन्हाळ्यात तिसरी लाट मुलांवरच येणार म्हणून घाबरलो. बालरोगतज्ज्ञांचा कृती गट नेमला गेला, मुलांसाठी खाटा आणि वॉर्ड उभे राहिले. ती तयारी वाया गेली असे मी म्हणणार नाही. मुलांसाठी अतिदक्षता खाट वाढली तर ती कोणत्याही आजारात उपयोगी पडते. पण दोन्ही समजुतींचा पाया एकच होता. दोन्ही वेळा आपण लाटेच्या दिवसांत किती मुले आजारी पडतात एवढेच मोजत होतो. प्रत्यक्षात मुलांचा धोका लाट ओसरताना वर येत होता. रुग्णसंख्या घटल्याच्या बातम्या यायच्या, निर्बंध उठायचे, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत थोडी मुले लाल डोळ्यांनी, गार पडलेल्या हातपायांनी रुग्णालयात यायची.

या आजाराबद्दल आणखी एक गैरसमज घरोघरी आहे: मूल मुळात अशक्त असेल, त्याची प्रतिकारशक्ती कमी पडली असेल. आई स्वतःला दोष देते. मग टॉनिके, काढे, ‘इम्युनिटी’ वाढवणाऱ्या पावडरी घरात येतात. गेल्या काही वर्षांतल्या संशोधनाने या समजुतीच्या उलटे चित्र उभे केले आहे. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की तपासलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांच्या प्रतिपिंडांनी विषाणूच्या एका प्रथिनासोबत शरीराच्या स्वतःच्या ‘एसएनएक्स-८’ या प्रथिनालाही लक्ष्य केले होते, कारण दोन्हींचा एक छोटा तुकडा एकसारखा आहे. २०२५ मध्ये बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी दुसरा धागा दाखवला: अशा मुलांत ‘टीजीएफ-बीटा’ हा संदेशवाहक प्रमाणाबाहेर वाढतो, बचावाच्या पेशी दुबळ्या पडतात आणि शरीरात आधीपासून सुप्त असलेला एपस्टाइन-बार विषाणू जागा होतो. चित्र अजून पूर्ण नाही, पण दिशा स्पष्ट आहे. इथे बिघाड प्रतिकाराच्या दिशेत आणि नियंत्रणात आहे, त्यावर पावडरीचा उतारा नाही. या आजाराने गाठलेली बहुतेक मुले आधी धडधाकट होती, आणि आईवडिलांच्या हातून काही राहून गेले म्हणून तो झाला नाही. हे त्यांना डॉक्टरांनी स्वतःहून, स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

आता माझ्या म्हणण्यावरचा मोठा आक्षेप. हा आजार दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या २०२० च्या रुग्णांवरून केलेल्या एका अंदाजानुसार दर दहा लाख संसर्गांमागे सुमारे ३१६ मुलांना तो झाला, म्हणजे साधारण तीन हजारांत एक. ओमायक्रॉननंतर, लसीकरण आणि आधीच्या संसर्गांमुळे, तो आणखी विरळ झाला. मग लाखो पालकांच्या मनात भीती का पेरायची? आक्षेपाचा दुसरा भाग अधिक गंभीर आहे. भीतीपोटी प्रत्येक तापात रक्ताच्या तपासण्या होतील, सीआरपी हा दाह दाखवणारा रक्तातला घटक थोडा वाढलेला दिसला की स्टेरॉइड सुरू होईल. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू, विषमज्वर, स्क्रब टायफस हेही ताप, पुरळ आणि घसरलेला रक्तदाब घेऊनच येतात. त्यांतल्या एखाद्या संसर्गात चुकून नुसते स्टेरॉइड दिले तर मूल दगावू शकते. अनिर्बंध स्टेरॉइडचे परिणाम काय होतात हे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांनी भरलेल्या वॉर्डांनी महाराष्ट्राला दाखवले आहे. शिवाय जवळपास प्रत्येक मुलाच्या रक्तात प्रतिपिंडे असतील, तर प्रतिपिंडांच्या तपासणीवरून निदान करणेही फसवे ठरते.

हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच माझी मागणी अधिक तपासण्यांची नाही. तीन हजारांतल्या एका मुलासाठी उरलेल्या सर्वांच्या दंडात सुया टोचणे अन्यायाचे होईल. पण विचारायला आणि सांगायला सुई लागत नाही. सर्दी-तापाचे मूल तपासून घरी पाठवताना चिठ्ठीवर मराठीत चार ओळी छापलेल्या असाव्यात: येत्या सहा आठवड्यांत पुन्हा ताप आला आणि तीन दिवस टिकला, सोबत डोळे किंवा ओठ लाल झाले, पुरळ आले, पोट फार दुखले किंवा उलट्या-जुलाब झाले, तर मुलाला आणा आणि हा कागद दाखवा, मूल निपचित पडले, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच घटकेला निघा. यात घाबरवणारे काही नाही. उलट केव्हा काळजी करायची हे नेमके कळले की उरलेल्या दिवसांची काळजी कमी होते. मोघम भीतीवर नेमकी माहिती हाच उतारा आहे.

दुर्मिळतेचा मुद्दा तर मला उलट दिशेने नेतो. जो आजार रोज दिसतो तो डॉक्टरांच्या अंगवळणी पडतो. त्यासाठी वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरला जो आजार दहा वर्षांत एकदा भेटणार आहे, त्याला अनुभवाचा आधार कसा मिळेल? तिथे व्यवस्थेने त्याच्यासाठी लक्षात ठेवायला हवे. कोणती लक्षणे एकत्र दिसली की मुलाला कुठे पाठवायचे, इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, सोय जवळ कुठे आहे, वाटेत सलाइन किती द्यायचे (कारण हृदय थकलेले असताना सलाइनचा मारा घातक ठरतो), हे आधीच ठरलेले आणि भिंतीवर लावलेले असावे.

उपचारांच्या खर्चाचा विचार केला की नोंदीचे मोल आणखी ठळक होते. इम्युनोग्लोब्युलिन हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून बनते. ते मुलाच्या वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम लागते, म्हणजे २० किलोच्या मुलाला ४० ग्रॅम. खर्च लाखाच्या घरात जातो. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हा आकडा ऐकूनच मूल परत न्यावेसे वाटेल. २०२१ मध्ये ३२ देशांतल्या ६१४ मुलांच्या नोंदी एकत्र करून संशोधकांनी इम्युनोग्लोब्युलिन, स्टेरॉइड आणि दोन्ही मिळून अशा उपचारांची तुलना केली. मुले सावरण्यात या तीन गटांत ठळक फरक आढळला नाही. त्या वर्षाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात दाखल, निदान झालेल्या मुलांसाठी स्टेरॉइडचा वापर सुचवला. स्टेरॉइडचे इंजेक्शन त्या मानाने अगदी स्वस्त आहे आणि जिल्हा रुग्णालयात मिळते. कोणत्या मुलाला काय द्यायचे हे तज्ज्ञांनीच ठरवायचे, आणि कावासाकीसारखे रूप असलेल्या मुलांत इम्युनोग्लोब्युलिनचे स्थान आजही पक्के आहे. पण गरीब घरातल्या मुलासाठीही काही करता येते हा विश्वास डॉक्टरांना मिळाला, तो देशोदेशींच्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी नीट ठेवल्या म्हणून.

आणि हा प्रश्न एका कोविडपुरता कधीच नव्हता. घशात स्ट्रेप्टोकोकस जिवाणूचा संसर्ग होतो, घसा बरा होतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात, हृदयाच्या झडपांना इजा होते. हा संधिवाताचा ताप भारतातल्या गरीब वस्त्यांतून अजून गेलेला नाही. लहानपणच्या दुर्लक्षित घशाचे परिणाम पुढे ऐन तारुण्यात झडपेच्या शस्त्रक्रियेपर्यंत नेतात. गोवर उतरून गेल्यावर काही वर्षांनी एखाद्या मुलाच्या मेंदूला असाध्य आजार जडू शकतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले. त्यांतल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि ते थांबल्यावर काही दिवसांनी हातापायांतली शक्ती गेली. कारण वेगळे, अवयव वेगळे, पण क्रम तोच: संसर्ग, बरे वाटणे, आणि मग उशिराने आलेला घाला, बहुधा शरीराने स्वतःवरच केलेला. पुण्यातली वाढ लक्षात आली ती रुग्णालयांनी रुग्ण मोजले आणि कळवले म्हणून.

हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कुणी म्हणेल, तर त्याला मी पोलिओची आठवण करून देईन. १९९७ पासून भारताने १५ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या अचानक आलेल्या लुळेपणाची नोंद घ्यायला सुरुवात केली, मग कारण पोलिओ असो वा नसो. सरकारी दवाखाने, खासगी डॉक्टर, वैदू-भगतांपर्यंत कळवण्याची साखळी उभी केली. लुळेपणा सुरू झाल्यापासून ६० दिवसांनी पुन्हा तपासणी करण्याची तरतूद त्या व्यवस्थेत होती. २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त ठरलो, त्यामागे लसीच्या दोन थेंबांइतकाच या मोजणीचा वाटा होता. साठाव्या दिवशी मुलाच्या घरी जाऊन त्याचे पाय तपासणारी यंत्रणा याच देशाने उभी केली आहे.

तोच मार्ग इथे अवलंबावा. मोठ्या साथीनंतरचे दोन महिने हे साथीचाच भाग समजून बालरोग विभागांनी संसर्गोत्तर दाहाचे रुग्ण आठवड्याला कळवावेत आणि त्यात खासगी रुग्णालयांनाही सामील करून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांत जातातच; हृदयाला सूज आलेल्या मुलाची पुढची इको तपासणी झाली का, हे विचारण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. मूल घरी गेल्यावर दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी होणारी ही तपासणी शासकीय आरोग्य योजनांच्या खर्चात धरावी, कारण रुग्णालयातून सुटका होताच योजनेचे कार्ड निरुपयोगी ठरले तर पालक ती तपासणी टाळणार हे उघड आहे. आणि ज्यांच्या हृदयाच्या स्नायूंना सूज होती त्या मुलांना डॉक्टर सांगतील तितके महिने धावण्याच्या शर्यतीपासून दूर ठेवावे लागते, हे शाळेच्या शिक्षकांपर्यंत पोहोचवावे. मूल तुकतुकीत दिसते म्हणून त्याला मैदानावर उतरवणे जिवावर बेतू शकते.

वेळेवर उपचार मिळालेल्या मुलांचे भवितव्य चांगले आहे, ही या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अमेरिकेत नोंदवलेल्या नऊ हजारांहून अधिक मुलांत मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहिले. बहुतेकांची हृदये काही आठवड्यांत-महिन्यांत पूर्ववत झाली. आजार गंभीर असूनही इतका बरा होण्याजोगा आहे, म्हणूनच त्यात उशिरामुळे जाणारा प्रत्येक जीव आपल्या हिशेबात धरला पाहिजे. एखाद्या मुलाला कोणता विषाणू गाठेल किंवा त्याच्या शरीराची घडण त्याला कसे उत्तर देईल, यावर आज कुणाचा इलाज नाही. पण तीन आठवड्यांपूर्वी त्या घरात कोण आजारी होते, हे विचारणे प्रत्येक डॉक्टरच्या हातात आहे, ते सांगणे प्रत्येक घराच्या हातात आहे आणि ते लिहून ठेवणे सरकारच्या हातात आहे. बालआरोग्याच्या कामात मुलाचे बरे होणे ताप उतरल्याच्या दिवशी मोजू नये. ते सहा आठवड्यांनी मोजावे.